कलावंत आणि अभियंते यांची भागीदारी : न्यूयॉर्कपासून खेडा जिल्ह्यापर्यंत

विज्ञान आणि कला यांचे नाते जवळचे आहे, असे नेहमी म्हटले जाते. प्रत्यक्षात हे नाते बहुधा भिंतीवरच्या चित्रापुरते मर्यादित राहते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. होमी भाभा यांच्या पुढाकाराने जमलेला आधुनिक भारतीय चित्रांचा मोठा संग्रह आहे आणि तिच्या प्रवेशदालनात मकबूल फिदा हुसेन यांचे भव्य भित्तिचित्र आहे. शास्त्रज्ञांच्या वास्तूत कलेला मिळालेला हा मान गौरवास्पदच होय. परंतु तेथे चित्रकाराने चित्र काढावे आणि शास्त्रज्ञाने संशोधन करावे, अशी कामाची वाटणी आहे. दोघांनी मिळून एकाच कामाला हात घालणे ही गोष्ट वेगळी आणि पुष्कळच अवघड. असा एक मोठा प्रयोग १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत झाला. त्याचा एक धागा गुजरातमधील खेडा जिल्ह्यापर्यंत येऊन पोचला होता. शासकीय योजनांत, शाळांत आणि ग्रामपंचायतींत काम करणाऱ्यांना या प्रयोगापासून शिकण्यासारखे बरेच आहे.

दिव्यातून निघालेले ढग

अमेरिकेतील बेल टेलिफोन प्रयोगशाळा ही जगातील अग्रगण्य संशोधन संस्थांपैकी एक. ट्रान्झिस्टरचा शोध तेथेच १९४७ मध्ये लागला. स्वीडनमध्ये वाढलेला बिली क्लूव्हर हा विद्युत अभियंता १९५८ मध्ये या प्रयोगशाळेत रुजू झाला. १९६० मध्ये त्याने झाँ टिंग्ली या स्विस शिल्पकाराला एक विलक्षण यंत्रशिल्प उभारण्यास मदत केली. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या बागेत उभे केलेले हे यंत्र प्रेक्षकांसमोर स्वतःचीच मोडतोड करून घेण्यासाठी बनविलेले होते. सुमारे २७ मिनिटे ते चालले आणि अखेर अग्निशामक दलाला मध्ये पडावे लागले.

यापेक्षा अधिक बोलके उदाहरण अँडी वॉरहॉल या चित्रकाराचे आहे. हवेत तरंगणारा विजेचा दिवा आपल्याला हवा आहे, असे वॉरहॉलने क्लूव्हरला सांगितले. क्लूव्हर आणि त्याचे सहकारी यांनी हिशेब मांडला तेव्हा असे दिसून आले की, विद्युत घटांच्या वजनामुळे असा दिवा तरंगत ठेवणे शक्य नाही. मात्र या शोधात त्यांना एक चकाकणारे पातळ वेष्टन सापडले. त्यातून हेलियम वायू सहजी निसटत नसे आणि त्याच्या कडा उष्णतेने चिकटविता येत. हे वेष्टन पाहताच वॉरहॉलने दिव्याची कल्पना सोडून दिली आणि हेलियम भरलेल्या उशांसारखे रुपेरी ढग तयार केले. १९६६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांचे प्रदर्शन झाले.

येथे कलावंताने हुकूम सोडावा आणि अभियंत्याने तो तामील करावा, असे घडले नाही. अभियंत्याने अडचण प्रामाणिकपणे समोर ठेवली आणि तिच्यातून कलावंताला नवी वाट दिसली. पूर्वी दोघांपैकी कोणाच्याही मनात नसलेली वस्तू अशा रीतीने निर्माण झाली. खरी भागीदारी ती हीच.

नऊ संध्याकाळी

त्याच वर्षी, म्हणजे १९६६ च्या ऑक्टोबर महिन्यात, न्यूयॉर्कमधील लष्कराच्या एका प्रचंड कवायतगृहात ‘नऊ संध्याकाळी : नाट्य आणि अभियांत्रिकी’ या नावाचे प्रयोग झाले. चित्रकार, नर्तक आणि संगीतकार मिळून दहा कलावंत आणि बेल प्रयोगशाळेतील सुमारे तीस अभियंते यांनी दहा महिने खपून त्यांची तयारी केली होती. सुमारे दहा हजार प्रेक्षकांनी हे प्रयोग पाहिले.

रॉबर्ट राउशेनबर्ग या चित्रकाराच्या प्रयोगात टेनिसचा सामना होता. रॅकेटच्या मुठीत छोटा बिनतारी प्रक्षेपक बसविलेला होता. चेंडू रॅकेटवर आदळला की त्याचा आवाज ध्वनिवर्धकावरून सभागृहभर घुमे आणि छतावरील एक दिवा मालवे. सारे दिवे मालवल्यावर खेळ थांबला. मग त्या काळोखात सुमारे पाचशे माणसे मैदानात आली. ती डोळ्यांना दिसत नव्हती, परंतु अवरक्त किरण टिपणाऱ्या कॅमेऱ्यांमुळे त्यांच्या हालचाली मोठ्या पडद्यांवर दिसत होत्या. समोर माणसे आहेत आणि तरीही ती केवळ यंत्राच्याच डोळ्याने दिसतात, हा अनुभव त्या काळच्या प्रेक्षकांना अगदी नवा होता.

हे प्रयोग निर्विघ्न पार पडले असे मात्र नाही. पहिल्या काही संध्याकाळी यंत्रणा बिघडली, प्रेक्षकांना ताटकळावे लागले आणि समीक्षकांनी कडक टीका केली. कलावंत शेवटच्या घटकेपर्यंत बदल करू पाहतो, तर अभियंत्याला आराखडा आधी निश्चित झालेला हवा असतो. दोन व्यवसायांच्या या भिन्न सवयी एका रात्रीत जुळणाऱ्या नव्हत्या.

संघटनेची उभारणी

या अनुभवातूनच क्लूव्हर, राउशेनबर्ग, अभियंता फ्रेड वॉल्डहॉवर आणि कलावंत रॉबर्ट व्हिटमन यांनी ‘एक्स्पेरिमेंट्स इन आर्ट अँड टेक्नॉलॉजी’, म्हणजेच ‘ई. ए. टी.’, ही संस्था स्थापन केली. एखाद्या कलावंताने आपली तांत्रिक अडचण कळवावी आणि संस्थेने त्या विषयाच्या जाणकार अभियंत्याशी त्याची गाठ घालून द्यावी, हे तिचे मुख्य काम. १९६९ पर्यंत सुमारे दोन हजार कलावंत आणि तितकेच अभियंते या संस्थेचे सदस्य झाले होते.

श्रेय कोणाचे, हा अशा सहकार्यातील नाजूक प्रश्न. सामान्यतः कलाकृतीखाली कलावंताचे नाव लागते आणि तंत्रज्ञ अज्ञात राहतो. १९६८ मध्ये ई. ए. टी. ने घेतलेल्या स्पर्धेत याच्या नेमके उलट केले गेले. कलावंताच्या सहकार्याने सिद्ध झालेल्या कलाकृतीतील उत्तम तांत्रिक कामगिरीबद्दल पारितोषिक अभियंत्यांना देण्यात आले. पहिले पारितोषिक मिळविणाऱ्या कृतीत प्रेक्षकाच्या हृदयाचे ठोके ध्वनिवर्धित करून एका पडद्याला कंप दिला जाई आणि त्यामुळे काचेच्या पेटीतील तांबडी धूळ प्रकाशझोतात उसळे. स्वतःच्या छातीतील ठोका माणसाला अशा रीतीने डोळ्यांनी पाहावयास मिळाला.

ओसाकाचे धुके

१९७० मध्ये जपानमधील ओसाका येथे जागतिक प्रदर्शन भरले. पेप्सी कंपनीच्या दालनाची कामगिरी ई. ए. टी. कडे सोपविण्यात आली. दालनाच्या आत सुमारे ९० फूट व्यासाचा गोलाकार आरसा होता. ॲल्युमिनियमचा थर दिलेल्या पातळ प्लॅस्टिकचा हा आरसा हवेच्या दाबातील फरकाने ताणून धरलेला होता. चकचकीत चमच्याच्या आतील बाजूत आपले प्रतिबिंब उलटे दिसते, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. तोच अंतर्गोल आरशाचा नियम येथे भव्य प्रमाणावर वापरलेला होता. त्यामुळे खाली उभ्या असलेल्या माणसांच्या प्रतिमा डोक्यावर हवेत उलट्या तरंगताना दिसत.

बाहेरून हे दालन धुक्याने वेढलेले असे. हे धुके फुजिको नाकाया या जपानी कलावतीचे. तिचे वडील उकिचिरो नाकाया हे पदार्थवैज्ञानिक होते आणि प्रयोगशाळेत कृत्रिम हिमस्फटिक तयार करण्यात त्यांनी १९३६ मध्ये यश मिळविले होते. ज्यात माणसाला निर्धास्तपणे शिरता येईल व श्वास घेता येईल असे, केवळ शुद्ध पाण्याचे धुके हवे, असा फुजिकोचा आग्रह होता. थॉमस मी या अमेरिकन मेघशास्त्रज्ञाने त्यासाठी अतिसूक्ष्म छिद्रांच्या तोट्यांतून मोठ्या दाबाने पाणी सोडण्याची पद्धत तयार केली. अशा अडीच हजारांवर तोट्या दालनावर बसविण्यात आल्या. एका कलावतीच्या हट्टापायी तयार झालेले हे तंत्र पुढे गॅस टर्बाइनमध्ये जाणारी हवा थंड करण्यासारख्या उद्योगातील कामांसाठीही उपयोगी पडले.

तथापि या यशाला दुसरी बाजूही आहे. दालन उभे राहिले, परंतु ते चालविण्याच्या आणि त्यातील कार्यक्रमांच्या खर्चावरून कंपनी आणि संस्था यांच्यात मतभेद झाले. उद्घाटनानंतर थोड्याच काळात ई. ए. टी. ला तेथून बाजूला व्हावे लागले. उभारणीचा खर्च सर्वांच्या डोळ्यांसमोर असतो, चालविण्याचा खर्च मात्र कोणीच नीट मोजलेला नसतो. सार्वजनिक कामांच्या क्षेत्रात वावरणाऱ्यांना हा अनुभव परका वाटणार नाही.

आणंदचा प्रस्ताव

याच सुमारास भारतात वेगळेच विचारमंथन चालू होते. दिल्लीजवळच्या ८० गावांसाठी १९६७ मध्ये ‘कृषी दर्शन’ हा दूरचित्रवाणी कार्यक्रम सुरू झाला होता. उपग्रहाच्या साहाय्याने दूरच्या खेड्यांपर्यंत दूरचित्रवाणी नेता येईल, अशी डॉ. विक्रम साराभाई यांची धारणा होती. अमेरिकेच्या ‘नासा’ या संस्थेशी त्यासंबंधीचा करार १९६९ मध्ये झाला. त्याच वर्षी संगीतकार डेव्हिड ट्यूडर याने अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत इलेक्ट्रॉनिक संगीताची कार्यशाळा उभी करून दिली. त्याच वर्षी डॉ. साराभाईंच्या निमंत्रणावरून ई. ए. टी. चे पथकही भारतात आले.

ग्रामीण दूरचित्रवाणीचे कार्यक्रम कसे तयार करावेत, हा प्रश्न या पथकापुढे होता. त्यासाठी त्यांनी आणंदच्या दूध उत्पादक सहकारी संघाचे क्षेत्र निवडले. हलके, सहज हाताळता येण्याजोगे व्हिडिओ कॅमेरे खेड्यांत न्यावेत, तेथील जीवनाचे चित्रण करावे आणि त्याच्या आधारे दुग्धव्यवसायाविषयीचे कार्यक्रम रचावेत, अशी त्यांची सूचना होती. शहरातील तज्ज्ञाने शिकवावे आणि खेडुताने ऐकून घ्यावे, या प्रचलित पद्धतीला दिलेला हा छेद होता. हा प्रस्ताव त्या स्वरूपात अंमलात आला नाही. परंतु त्याने उपस्थित केलेला प्रश्न, म्हणजे पडद्यावर काय दिसावे हे कोणी ठरवावे, हा अहमदाबादच्या शास्त्रज्ञांपुढे पुढेही कायम होता.

पीजचा पडदा

डॉ. साराभाईंचे १९७१ च्या डिसेंबरमध्ये निधन झाले. त्यांच्या संकल्पनेतील उपग्रह दूरचित्रवाणी प्रयोग, म्हणजेच ‘साइट’, १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांसाठी पार पडला. त्याचे कार्यक्रम व्यवस्थापक एकनाथ चिटणीस हे मूळचे कोल्हापूरचे. मुंबईच्या टाटा संस्थेतील प्रा. यशपाल हे अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे संचालक होते. तारेच्या साध्या जाळीपासून बनविलेल्या सुमारे दहा फुटी तबकड्या खेड्यांतील इमारतींवर उभ्या राहिल्या. सकाळी शाळकरी मुलांसाठी आणि सायंकाळी प्रौढांसाठी कार्यक्रम होत. याच काळात सुमारे ५० हजार प्राथमिक शिक्षकांचे प्रशिक्षणही या माध्यमाच्या साहाय्याने झाले. मानवशास्त्राचे अभ्यासक काही खेड्यांत मुक्काम करून लोकजीवनावरील परिणामांच्या नोंदी घेत होते.

याच्या जोडीने खेडा जिल्ह्यात, पीज गावी, लहान शक्तीचा स्थानिक प्रक्षेपक सुरू झाला. अंतराळ संशोधन संस्थेचे अभियंते, निर्माते, लेखक आणि समाजशास्त्रज्ञ यांनी सुमारे ४०० गावांसाठी गुजरातीत कार्यक्रम केले. मजुरी, अस्पृश्यता, दारू, कुटुंबनियोजन हे विषय त्यांत हाताळले गेले. अनेक कार्यक्रमांत ग्रामस्थांनीच भूमिका केल्या. उपदेश करणाऱ्या अनोळखी तज्ज्ञाऐवजी आपल्यासारखाच माणूस आपलीच अडचण मांडताना दिसला, म्हणजे त्या चर्चेला वेगळे वजन येते. या प्रकल्पाला १९८४ मध्ये ग्रामीण संपर्ककार्याबद्दल युनेस्कोचे पारितोषिक मिळाले. त्यानंतर लगेच, १९८५ मध्ये, पीजचा प्रक्षेपक हलविण्याचा निर्णय झाला आणि परिसरातील लोकांनी त्यास विरोध केला. पुढे हा स्थानिक प्रयोग थांबला. ओसाकाप्रमाणे येथेही शेवटचा निर्णय काम करणाऱ्यांच्या वा पाहणाऱ्यांच्या हाती नव्हता.

आणंदच्याच चळवळीशी निगडित असलेले एक उदाहरण याहून निराळे आहे. श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ हा चित्रपट १९७६ मध्ये प्रदर्शित झाला. डॉ. व्हर्गीस कुरियन यांचा कथेत सहभाग होता आणि पटकथा विजय तेंडुलकर यांनी लिहिली होती. गुजरातमधील सुमारे पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन त्याचा खर्च उचलला. ज्यांची कथा, तेच येथे निर्माते होते.

घ्यावयाचा बोध

या सर्व प्रयोगांतून एक गोष्ट स्पष्ट होते. कलावंत आणि वैज्ञानिक यांना एका मंचावर बसविल्याने सहकार्य घडत नाही. मूळ प्रश्न दोघांपुढे एकाच वेळी ठेवावा लागतो, आणि ज्यांच्यासाठी काम करावयाचे त्यांचे म्हणणेही त्याच वेळी ऐकावे लागते. आपल्याकडे पाणलोट विकास, लसीकरण किंवा स्वच्छता यांची योजना पूर्ण आखून झाल्यावर चित्रकाराला भिंत रंगविण्यासाठी आणि लोककलावंताला कार्यक्रमासाठी बोलाविले जाते. शेवटी बोलाविलेला कलावंत केवळ सजावट करू शकतो. तोच आरंभी आला, तर गावाला समजत नाही ते काय आणि पटत नाही ते का, हे तज्ज्ञाला तो दाखवून देऊ शकतो.

शाळेचे विज्ञान प्रदर्शन असो वा पंचायतीची मोहीम, विज्ञानाचे शिक्षक, चित्रकलेचे शिक्षक आणि गावातील कलापथक यांनी पहिल्या बैठकीस एकत्र बसणे खर्चाचे नाही. श्रेय कोणाचे, पुढील वर्षी खर्च कोण करणार आणि काम चालू ठेवावे की थांबवावे हे कोण ठरविणार, या तीन प्रश्नांची उत्तरे मात्र त्याच बैठकीत लिहून ठेवावयास हवीत. ओसाका आणि पीज येथे कल्पनेची वा कौशल्याची उणीव नव्हती. उणीव होती ती या शेवटच्या दोन प्रश्नांच्या उत्तरांची.