ग्रंथालयांचे ‘इतर उपक्रम’

आपल्या सार्वजनिक ग्रंथालयांचे वार्षिक अहवाल चाळले, तर त्यांची मांडणी बहुधा एकाच साच्याची आढळते. आरंभी ग्रंथसंख्या, मग सभासदांची संख्या, त्यानंतर देवघेवीचे आकडे व जमाखर्च, आणि सर्वांत शेवटी ‘इतर उपक्रम’ या मथळ्याखाली व्याख्याने, बालमेळावे, ग्रंथप्रदर्शने व जयंत्या-पुण्यतिथ्या यांची यादी. या ‘इतर’ शब्दात एक समजूत दडलेली आहे. ग्रंथांची देवघेव हे ग्रंथालयाचे खरे काम. व्याख्यानादी गोष्टी सवड व शिल्लक असल्यास करावयाच्या, अशी ती समजूत होय. तिची शहानिशा करण्यासाठी बडोदेकरांना दूर जाण्याचे कारण नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी या प्रश्नाचे उत्तर याच नगरीत प्रत्यक्ष कृतीने दिले गेले आहे.

महाराष्ट्रात वाचनालये जुनी आहेत. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ सालचे, पुण्याचे १८४८ सालचे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली आणि मुंबईचे १८९८ साली निघाले. व्याख्यानांची परंपराही तशीच मान्यवर आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने सुरू झालेल्या पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेचे मूळ १८७५ सालापर्यंत जाते. परंतु हे दोन प्रवाह बहुतांशी वेगवेगळे वाहिले. वाचनालय वर्गणीदार सुशिक्षितांचे, आणि व्याख्यान श्रोत्यांचे. श्रोत्याने घरी जाताना हातात पुस्तक न्यावे, अशी योजना क्वचितच असे.

बडोद्यात प्रश्न निराळ्या बाजूने उपस्थित झाला. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला व १९०६ साली तो सर्व राज्याला लागू केला. आता चौथी-पाचवी शिकून शाळा सोडलेल्या मुलाच्या हाती गावात काहीच वाचावयास आले नाही, तर शिकलेली अक्षरे तो विसरणार आणि शाळेवरचा खर्च व्यर्थ जाणार, हे उघड होते. ग्रंथालय हे शाळेचे पुढचे पाऊल आहे, हा विचार येथून आला. मोतीभाई अमीन यांनी १९०६ पासून मित्रमंडळांमार्फत गावोगाव लहान वाचनालये काढण्याचे काम आधीच आरंभले होते. त्याच साली महाराजांनी अमेरिकेचा प्रवास केला व तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली. १९१० साली त्यांनी विल्यम ॲलन्सन बोर्डन या अनुभवी अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले. स्वतंत्र ग्रंथालय खाते निघाले, राजवाड्यातील संग्रहाच्या पायावर मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, आणि १९११ साली ग्रंथपालांच्या शिक्षणाचा वर्ग सुरू झाला. बोर्डन १९१३ पर्यंत येथे होते. पुढे खात्याची धुरा जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी वाहिली. या चळवळीची माहिती देणारे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९१९ साली प्रसिद्ध झाले.

या खात्याने केलेल्या उपक्रमांपैकी दोहोंचा विचार शिक्षकांनी विशेष करावा असा आहे. पहिला फिरत्या ग्रंथालयांचा. कुलूपबंद लाकडी पेट्यांत साधारण पंधरा ते तीस पुस्तके भरून त्या खेडोपाडी धाडीत. वाहतुकीचा खर्च खात्याचा. गावात पेटी सांभाळणारा व पुस्तके देणारा जबाबदार मनुष्य लागे, आणि तो बहुधा शाळेचा मास्तरच असे. पुस्तके निवडताना कोणत्या गावात कोणते वाचक आहेत, याचा विचार आपोआप करावा लागे. कारण पेटी लहान होती. मोठ्या संग्रहात निवडीचा आळस खपून जातो, पंधरा पुस्तकांत तो खपत नाही.

दुसरा उपक्रम दृश्य शिक्षणाचा. ज्याला वाचता येत नाही त्याचा ग्रंथालयाशी संबंध काय, असे कोणीही विचारील. खात्याने त्याचे उत्तर जादूचा कंदील, स्टिरिओस्कोपची चित्रे आणि चलत्‌चित्रे यांनी दिले. गावातल्या मोकळ्या जागेत पडदा लावून, जमलेल्या सर्वांना विनामूल्य, परदेशांची दृश्ये व आरोग्य, शेती यांसारखे विषय दाखविले जात. त्या काळी आपल्याकडील निरक्षरांची संख्या ध्यानी घेतली, म्हणजे ही करमणूक नसून धोरण होते हे पटेल. अक्षर न ओळखणाऱ्या बापाला ‘त्या पेटीत काहीतरी आपल्या कामाचे आहे’ असे वाटले, तरच तो मुलाला पेटीकडे जाऊ देणार.

याखेरीज मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी खेळ व चित्रपुस्तके असलेले स्वतंत्र दालन होते. स्त्रियांसाठीही वेगळी सोय होती. १९१२ साली निघालेले ‘लायब्ररी मिसेलनी’ हे खात्याचे नियतकालिक इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांत छापले जाई. म्हणजे ग्रंथालयशास्त्राची चर्चा मराठीतही येथे त्या काळी चालू होती, ही गोष्ट आपण मराठी अभ्यासकांनी विसरता कामा नये.

हे सारे राजाज्ञेने झाले, मग आज त्याचा उपयोग काय, असा आक्षेप येऊ शकतो. त्यात तथ्य आहे, परंतु अर्धेच. बडोद्याच्या योजनेत गावाला ग्रंथालय फुकट मिळत नसे. लोकांनी ठराविक मर्यादेपर्यंत जेवढी रक्कम जमवावी, तेवढीच पंचायतीने व तेवढीच सरकारने घालावी, असा तिहाईचा नियम होता. ज्या गावाने स्वतःचा पैसा घातला, ते गाव ग्रंथालयाकडे आपले म्हणून पाही. १९४९ साली बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राजाज्ञा गेली, तिहाईच्या नियमामागचे तत्त्व मात्र राजावर अवलंबून नव्हते.

आता आजच्या उपक्रमांकडे वळू. ग्रंथालयाच्या सभागृहात व्याख्यान होते. वक्त्याचा सत्कार होतो, आभार मानले जातात, सतरंज्या गुंडाळल्या जातात. वरच्या मजल्यावर त्याच विषयाची वीस पुस्तके कपाटात बंद असतात आणि श्रोत्यांना त्यांचा पत्ताही नसतो. असे व्याख्यान कोणत्याही सभागृहात झाले असते. त्याला ग्रंथालयाचा उपक्रम का म्हणावे? डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी एक असे की, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. उपक्रमाची कसोटी या सूत्रात आहे. व्याख्यानापूर्वी विषयाची पुस्तके काढून दारापाशी मेजावर मांडावी. वक्त्याला त्यांतील दोन-तीन पुस्तकांचा उल्लेख करण्याची विनंती करावी. व्याख्यान संपताच तेथेच पुस्तके नोंदवून द्यावी. याला पैसा लागत नाही. लेखनाची वा निबंधवाचनाची कार्यशाळा असेल, तर तिचे काम कपाटांच्या सान्निध्यात चालावे, म्हणजे शंका निघाली की कोश हाताशी असतो. कथाकथन झाल्यावर मुलांना गोष्टीचा शेवट सांगू नये. तो पुस्तकात आहे एवढेच सांगावे. शेवटी, गर्दी किती झाली हे लिहून ठेवण्याबरोबर, पुढील पंधरवड्यात त्या विषयाची किती पुस्तके बाहेर गेली हेही लिहावे. दुसरा आकडा पहिल्याहून फार लहान असेल. पण तोच खरा.

आम्हा बडोद्याच्या मराठी भाषकांना या प्रश्नाची निकड अधिक आहे. १९०९, १९२१ व १९३४ साली मराठी साहित्य संमेलने या नगरीने भरविली. आज येथील मराठी घरांतील पुष्कळ मुले गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. ती घरी मराठी बोलतात, कानांनी समजतात. परंतु मराठीचे पान समोर आले की अडखळतात. लिपीची ओळख त्यांना हिंदीमुळे असते. नसते ती सवय. म्हणजे अमरेलीच्या त्या जुन्या विद्यार्थ्यापेक्षा त्यांची स्थिती फारशी वेगळी नाही: भाषा हाती आली आहे आणि वापरावाचून जाऊ पाहत आहे. अशा मुलाला नुसते सभासदत्व देऊन भागणार नाही. त्याच्यासमोर कोणीतरी मोठ्याने वाचले पाहिजे, त्याच्याकडून चार ओळी वाचून घेतल्या पाहिजेत, आणि घरी जाताना त्याच्या हातात एक पातळसे पुस्तक दिले पाहिजे. शाळेच्या वेळापत्रकात यासाठी तास नाही. ग्रंथालयाच्या वेळापत्रकात तो काढता येतो, आणि तो घेण्यास निवृत्त शिक्षक प्रत्येक पेठेत आहेत.

मांडवीतील मध्यवर्ती ग्रंथालयाच्या इमारतीत पुस्तकांच्या मजल्यांना काचेच्या लाद्या आहेत. वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत पोहोचावा म्हणून. ग्रंथालयातील व्याख्याने व कार्यशाळा यांचे कामही तेच आहे. अहवालात त्यांना देवघेवीच्या सदराशेजारी जागा दिली, तर ‘इतर’ हा शब्द गाळण्यास हरकत नसावी.