बर्फावरची हॉकी : सामना पाहायचा कोठे?

हॉकी म्हटले की आपल्यापुढे मेजर ध्यानचंद उभे राहतात. अमेरिकेत मात्र नुसते ‘हॉकी’ म्हटले तर लोक बर्फावरचा खेळ समजतात. त्यात चेंडूऐवजी रबराची चपटी चकती असते. तिला ‘पक’ म्हणतात. एका वेळी गोलरक्षक धरून दोन्ही बाजूंचे सहा-सहा खेळाडू उतरतात. तेथील महाविद्यालयांची राष्ट्रीय स्पर्धा १९४८ साली कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे सुरू झाली आणि पहिले विजेतेपद मिशिगनने मिळवले.

मला कुतूहल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. एवढे लोकप्रिय सामने, पण ते दाखवणारी एकच वाहिनी नाही! पुरुषांच्या वरच्या श्रेणीत साठाहून अधिक संघ आहेत. बहुतेक संघ सहा मंडळांत विभागलेले असून प्रत्येक मंडळ आपले प्रक्षेपणाचे हक्क स्वतंत्रपणे विकते. सामना ज्याच्या घरच्या मैदानावर, त्याच्या मंडळाचे प्रक्षेपण, असा सर्वसाधारण नियम. त्यामुळे एकाच संघाचा या आठवड्यातील सामना एका ठिकाणी, तर पुढचा दुसऱ्याच ठिकाणी दिसतो. म्हणून जाणता रसिक आधी आपल्या महाविद्यालयाचे वेळापत्रक उघडतो. सामना घरी की बाहेर हे तो पाहतो. मग त्यापुढे दिलेली दूरदर्शन, इंटरनेट व रेडिओ यांची नोंद वाचतो. राष्ट्रीय स्पर्धेला सोळा संघ उरले, की मात्र शोध सोपा होतो. ती ईएसपीएनच्या वाहिन्यांवर असते.

प्रक्षेपणाचा हा पसारा खेळालाही वळण देतो. बिग टेन या मंडळाची स्वतःची वाहिनी २००७ साली निघाली. पुढे पेन स्टेटने संघ उभारल्यावर मंडळाकडे सहा संघ झाले आणि २०१३ च्या हंगामापासून त्याने हॉकीची स्वतंत्र साखळी सुरू केली. त्यासाठी मिशिगन, मिनेसोटा यांसारखे मातब्बर संघ आपली जुनी मंडळे सोडून गेले. सीसीएचए हे मंडळ तर त्या वर्षी बंदच पडले. ते २०२१ साली पुन्हा उभे राहिले. मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटा यांची पिढ्यान्‌पिढ्यांची चुरस एका साखळीत राहिली नाही. रसिकांच्या जिव्हाळ्याला करारात कलम नसते, हेच खरे.

पैसे भरून चार-चार सेवा घेणे ज्याला परवडत नाही, त्याला रेडिओचा आधार असतो. ट्रॉय गावातील रेन्सेलेअर संस्थेच्या डब्ल्यूआरपीआय केंद्रासारखी विद्यार्थ्यांची केंद्रे सामन्यांचे धावते वर्णन करत आली आहेत. वर्णन करणारा आपल्याच वयाचा असतो! आता ते इंटरनेटवरून भारतातही ऐकता येते. तेथे हिवाळ्यात शुक्रवारी संध्याकाळी सातला पूर्व किनाऱ्यावर सामना सुरू होतो, तेव्हा आपल्याकडे शनिवारची पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात.

आपल्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांचा निकाल फलकावरच्या दोन ओळींत संपतो. गावी असलेल्या आईवडिलांना मुलाचा खेळ कधी दिसत नाही, की ऐकूही येत नाही. आता मोबाइल बहुतेकांच्या खिशात आहे, आणि मराठीत रंगवून सांगणारी मुले आपल्या वर्गांतही कमी नाहीत. मोठ्या वाहिन्या आपल्याकडे येतील तेव्हा येतील. पुढच्या कबड्डीच्या सामन्याचे वर्णन आपणच का करू नये?