मनाच्या वहीत मनगटाची नोंद

चंदीगड शहराच्या उंबरठ्यावर, पंजाबच्या हद्दीत, मुल्लानपूर नावाचे गाव आहे. तेथील तीनशे खाटांच्या होमी भाभा कर्करोग रुग्णालयाचे उद्घाटन २४ ऑगस्ट २०२२ रोजी झाले. ते उभारले मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरने. १९४१ साली परळ येथे लावलेल्या वृक्षाची एक फांदी अशी उत्तरेस पोहोचली.

कर्करोगाशी झुंजणाऱ्या माणसाची झोप उडते, अन्नावरची वासना जाते, बोलणे कमी होते. यात आजाराचा वाटा किती, औषधांचा किती आणि खचलेल्या मनाचा किती, हे ठरविणे निष्णात डॉक्टरांनाही जड जाते. दीड महिन्याने तपासणीस आलेल्या रुग्णास "झोप कशी लागते?" असे विचारले, तर तो बहुधा गेल्या दोन-तीन रात्रींचे सांगतो. उरलेल्या चाळीस रात्री विस्मरणात गेलेल्या असतात. जी अडचण येथे, तीच प्रत्येक मनोरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात. मग मनगटावरच्या घड्याळाने रोज टिपलेली नोंद रुग्णाच्या कागदपत्रांना जोडता आली तर?

घड्याळास काय कळते?

या घड्याळात हालचाल टिपणारे एक सूक्ष्म यंत्र असते. त्याच्या पाठीवरून कातडीवर हिरवा प्रकाश पडतो. रक्त हा प्रकाश शोषून घेते. त्यामुळे नाडीच्या ठोक्यागणिक परत येणारा प्रकाश कमीअधिक होतो, आणि त्यावरून ठोके मोजता येतात. हालचाल व नाडी यांचा मेळ घालून झोपेचा अंदाज बांधला जातो. तो अंदाजच होय, हे विसरता कामा नये.

तरीही त्याचे मोल मोठे आहे. द्विध्रुवी विकारात मन कधी उन्मादाकडे, तर कधी नैराश्याकडे झुकते. उन्मादाचा झटका येण्यापूर्वी पुष्कळदा झोप कमी होऊ लागते. हा बदल वेळीच दिसला, तर औषधाची मात्रा बदलून रुग्णालयात दाखल होण्याचा प्रसंग टाळता येण्याचा संभव असतो.

या दिशेने प्रयत्न झालेले आहेत. २०१६ साली सुरू झालेल्या एका युरोपीय प्रकल्पात लंडन, बार्सिलोना व ॲमस्टरडॅम येथील नैराश्यग्रस्तांनी अशी साधने मनगटावर बाळगली. आपल्याकडे १९९६ साली गोव्यात स्थापन झालेल्या 'संगत' या संस्थेने भोपाळ येथे अशाच एका संशोधनात भाग घेतला. बंगळूर व बोस्टन ही त्याची अन्य दोन केंद्रे होती. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या मोबाइलमधील नोंदी तेथे अभ्यासल्या गेल्या. आजार उलटण्याच्या आधीच्या महिन्यात नेहमीपेक्षा वेगळ्या नोंदी अधिक वेळा आढळल्या.

दुवा कसा जुळतो?

घड्याळाची भाषा एक आणि रुग्णालयाच्या संगणकाची दुसरी असेल, तर हा संवाद होणार कसा? त्यासाठी समान व्याकरण लागते. भारतात ते सिद्ध करण्याचे काम पुण्याच्या सी-डॅक संस्थेतील राष्ट्रीय केंद्राकडे आहे. औषधचिठ्ठी, तपासणी-अहवाल यांच्याबरोबरच नाडी, वजन, शारीरिक हालचाल अशा दैनंदिन नोंदींसाठीही त्याने एक स्वतंत्र साचा घालून दिला आहे.

या डिजिटल आरोग्य योजनेचा पहिला प्रयोग २०२० साली सहा केंद्रशासित प्रदेशांत झाला. चंदीगड हे त्यांपैकी एक. पुढे २७ सप्टेंबर २०२१ रोजी ती देशभर लागू झाली. नागरिकास स्वेच्छेने चौदा अंकी 'आभा' क्रमांक घेता येतो. नोंदी एका कोठारात गोळा होत नाहीत. जेथे निर्माण झाल्या तेथेच राहतात, आणि संमती मिळाल्यावरच डॉक्टरांपर्यंत जातात. कोणत्या नोंदी, कोणत्या काळातील व किती दिवस पाहू द्यावयाच्या, हे रुग्ण ठरवितो. दिलेली संमती त्यास मागेही घेता येते.

किल्ली कोणाच्या हाती?

मनाच्या आजारात या संमतीस विशेष महत्त्व आहे. मोडलेल्या हाडाची नोंद बाहेर गेली तर फारसे बिघडत नाही. मानसिक आजाराची गेली, तर जमलेले लग्न मोडू शकते, नोकरी जाऊ शकते. म्हणूनच २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्क इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील माहितीसही लागू केला आहे. परंतु घरातील वडील मंडळींनी "घाल घड्याळ" म्हणून दटावले, तर त्यास संमती म्हणावयाचे काय? ज्याच्या मनात कोणीतरी आपल्यावर पाळत ठेवीत असल्याचे भय आधीच ठाण मांडून बसले आहे, त्यास हे साधन औषधापेक्षा जाचच वाटेल.

दुसरा प्रश्न तितकाच निकडीचा आहे. रात्री दोन वाजता उमटलेली नोंद वाचणार कोण? ती संगणकात पोहोचली म्हणजे डॉक्टरांच्या दृष्टीस पडली असे नव्हे. अडीअडचणीच्या क्षणी घड्याळावर विसंबून न राहता माणसालाच हाक मारावी. त्यासाठी 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र उपलब्ध आहे.

शिवाय झोपमोड दिवाळीच्या फराळानेही होते आणि रात्रपाळीनेही. कारण घड्याळास कळत नाही; ते विचारावे लागते. चंदीगडजवळच्या रायपूर राणी या ग्रामीण भागात १९७५ च्या सुमारास डॉ. नरेंद्रनाथ विग व त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच गोष्ट दाखवून दिली. साध्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील कर्मचाऱ्यांना शिक्षण देऊन त्यांनी मनोरुग्णांची सेवा खेड्यापर्यंत नेली. त्या कर्मचाऱ्यांच्या मनगटी कोणतेही नवलयंत्र नव्हते, "कसे काय चालले आहे?" असे विचारण्याची रीत मात्र होती.

नव्या साधनाने चाळीस हरवलेल्या रात्री परत मिळतील. त्या रात्री रुग्ण का जागला, हे ऐकून घेणारा कान मात्र माणसाचाच हवा.