कार्यस्थळी घातक रसायनांच्या अनुज्ञेय मर्यादा : महाड औद्योगिक क्षेत्राच्या संदर्भात

प्रस्तावना

सह्याद्रीत उगम पावणारी सावित्री नदी पोलादपूरवरून महाडकडे येते. तिच्या खोऱ्यात बिरवाडी परिसरात वसलेल्या औद्योगिक क्षेत्रात प्रामुख्याने रसायने व औषधी द्रव्ये तयार होतात. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी तेथील एका औषधनिर्मिती कारखान्यातील स्फोटात व आगीत कामगारांचे बळी गेले. अशा दुर्घटनेनंतर सुरक्षिततेची चर्चा स्वाभाविकपणे आगीभोवती फिरते. परंतु टोल्युइन या नित्य वापरातील द्रावकाची वाफ हवेत सुमारे १.१ टक्का, म्हणजे दशलक्षात ११,००० भाग, झाल्याशिवाय पेट घेत नाही. तर आठ तासांच्या श्वसनासाठी कायद्याच्या अनुसूचीत तिची मर्यादा दशलक्षात १०० भाग एवढीच ठरविण्यात आली. आगीच्या दृष्टीने निर्धोक ठरलेली हवा श्वसनमर्यादेच्या कित्येक पट दूषित असू शकते.

मर्यादांचे स्वरूप

भोपाळ येथील १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये १९८७ साली दुरुस्ती झाली. कलम ४१-एफ व दुसरी अनुसूची यांद्वारे रसायनांच्या कमाल मर्यादा प्रथमच मूळ अधिनियमात आल्या. भोपाळच्या मिथाइल आयसोसायनेटसाठी ही मर्यादा दशलक्षात ०.०२ भाग होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने या मर्यादा विहित करण्याचे काम राज्य शासनांकडे सोपविले आहे.

अनुसूचीत दोन प्रकारचे आकडे होते : आठ तासांची कालभारित सरासरी आणि पंधरा मिनिटांची अल्पकालीन मर्यादा. अमोनियासाठी ते अनुक्रमे २५ व ३५ होत. एखाद्या कामगाराने चार तास १०, तीन तास २० आणि एक तास ६० भाग अमोनिया असलेल्या हवेत काम केले, तर सरासरी २० येते. कागदावर सारे नियमात बसते. प्रत्यक्षात तो तासभर अल्पकालीन मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट वायू घेत असतो. (महाविद्यालयीन प्रयोगशाळेत अमोनियाची बाटली हाताळणाऱ्या परिचरासही हीच आकडेमोड लागू पडते.)

आठ तासांचे गृहीतक

मर्यादेचा आकडा म्हणजे सुरक्षित व असुरक्षित यांमधील भिंत नव्हे. आठ तास काम व त्यानंतर सोळा तास शुद्ध हवा, ज्या काळात शरीर शोषलेले द्रव्य बाहेर टाकील, हे त्यामागील गृहीतक आहे. पोलादपूर तालुक्यातील वाडीवरून येणारा कंत्राटी कामगार सलग दोन पाळ्या करतो, तेव्हा ते गृहीतकच ढासळते. ब्रीफ व स्काला यांनी १९७५ मध्ये सुचविलेल्या सूत्रानुसार बारा तासांच्या पाळीसाठी मर्यादा निम्मी करावी लागते : टोल्युइनची १०० वरून ५०. सोळा तासांसाठी ती पाव, म्हणजे २५ होते. तासांची वाढ दीडपट असता मर्यादेत निम्म्याने घट होते, कारण संपर्क वाढतो आणि त्याच वेळी विसर्जनाचा अवधीही घटतो. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातील दैनंदिन कामाची मर्यादा नऊवरून बारा तास करण्यास मान्यता दिली. त्यावरील चर्चा बहुतांशी वेतन व विश्रांती यांपुरती राहिली, ही चिंतेची बाब होय.

दुसरे गृहीतक एकाच द्रव्याचे. टोल्युइन ६० आणि झायलीन ५० भाग असल्यास दोन्ही आपापल्या १०० च्या आत आहेत. पण दोघांचाही परिणाम मज्जासंस्थेवर होत असल्याने त्यांचे अंश मिळवावे लागतात. बेरीज १.१ येते, म्हणजे मर्यादा ओलांडली गेली.

बदलते आकडे

ज्ञान वाढते तसे आकडे खाली येतात. अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या परिषदेने टोल्युइनची शिफारस २००७ मध्ये २० वर, तर हायड्रोजन सल्फाइडची २०१० मध्ये १ वर आणली. भारतीय अनुसूचीत हे आकडे १०० व १० होते.

मापन कोठे करावे, हाही प्रश्न आहे. भिंतीवरील ज्वलनशील वायूचा सूचक बहुधा स्फोटमर्यादेच्या दहा टक्क्यांवर वाजतो. टोल्युइनच्या बाबतीत तो आकडा दशलक्षात सुमारे १,१०० होतो. रिअ‍ॅक्टरचे झाकण उघडताना कामगार काय श्वसन करतो, हे त्याच्या कॉलरला लावलेल्या नमुनासंग्राहकावरूनच कळते. नाकावर विसंबून चालत नाही : हायड्रोजन सल्फाइड दशलक्षात शंभराच्या आसपास पोचला की घ्राणशक्ती बधिर होते आणि वास गेल्याने वायू गेला असा समज होतो.