नवा कॅमेरा शिकताना



आपल्या अंजनगाव सुर्जीचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत येते ते ३० डिसेंबर १८०३ च्या तहामुळे. एका बाजूला दौलतराव शिंदे, दुसऱ्या बाजूला इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली. तहाची कलमे आज वाचावयास मिळतात. परंतु त्या छावण्यांत ज्यांनी वैरण वाहिली, पाणी भरले, तोफा ओढल्या, ती माणसे दिसावयास कशी होती हे कोणालाच सांगता येणार नाही. छायाचित्रणाची विद्या जगापुढे आली ती १८३९ साली, म्हणजे तहानंतर ३६ वर्षांनी. आता घरोघरी कॅमेरा आहे, तेव्हा ही अडचण संपली असे आपण समजतो. वस्तुतः ती पुरती संपलेली नाही. ती कोठे दडून बसली आहे, हे मला नवा कॅमेरा शिकताना कळले.

आमच्या युनियनने वर्गणी काढून एक चांगल्यापैकी डिजिटल कॅमेरा विकत घेतला. माझे शाळेतले शिक्षण बेताचे. कॅमेऱ्याबरोबर आलेले जाडजूड माहितीपुस्तक पाहून मी ते मिटून ठेवले, वरची चकती 'ऑटो'वर फिरविली आणि एका जिनिंगच्या आवारात गेलो. भर दुपारची वेळ. पांढऱ्याशुभ्र कापसाच्या गंजीपुढे बाया कचरा वेचीत बसलेल्या. मी धडाधड चित्रे काढली. एका बाईने कॅमेऱ्याच्या पाठीवरील पडद्यात डोकावून पाहिले आणि म्हणाली, "भाऊ, कापूस त दिसून राह्यला, माह्यं तोंड कुठी हाय?"

तिचे म्हणणे खरे होते. कापूस मळकट करडा आला होता आणि तिच्या चेहऱ्याच्या जागी नुसता काळा डाग होता.

असे का व्हावे? कॅमेऱ्यात प्रकाश मोजणारे मीटर असते. त्याला कापूस कळत नाही, म्हैस कळत नाही. उजेड तेवढा कळतो. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे, म्हणजे पडलेल्या उजेडापैकी सुमारे १८ टक्के परत फेकणारे आहे, असे गृहीत धरून ते हिशेब करते. कापसाची गंजी पुढे आली की त्याला उजेड फार झालासे वाटते, आणि ते सगळ्याच चित्राचा उजेड कमी करते. पांढरे त्यामुळे करडे होते आणि मुळात सावळा असलेला चेहरा अंधारात जातो. उलट, काळ्या म्हशीचे चित्र घ्या. तीही करडी येईल.

आम्हां युनियनवाल्यांना ही सरासरी नवी नाही. मॅनेजरचा पगार आणि रोजंदारीवरील बाईची मजुरी एकत्र करून सरासरी काढली की आकडा चांगला दिसतो. त्यात ती बाई मात्र दिसत नाही. कॅमेऱ्यातही नेमके हेच घडते. नव्या कॅमेऱ्यांत चेहरा ओळखून त्याच्याकडे अधिक लक्ष देण्याची सोय असते, आणि ती उपयोगी आहे. परंतु धुळीसाठी तोंडाला फडके गुंडाळलेले आणि मान खाली घातलेली असली, तर तिच्यावर विसंबता येत नाही.

यावर उपाय साधा आहे. बहुतेक चांगल्या कॅमेऱ्यांवर अधिक-उणे अशी खूण असलेले बटण किंवा चकती असते. तिने मीटरचा निर्णय आपल्याला बदलता येतो. अधिक एक म्हणजे उजेड दुप्पट, अधिक दोन म्हणजे चौपट. कापसापुढे मी आता एक ते दीडपर्यंत अधिक करतो.

मग वाटेल तितके वाढवावे काय? नाही. १९७५ साली कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या इंजिनिअरने पहिला डिजिटल कॅमेरा जुळविला, तेव्हा त्याचे चित्र अवघ्या १०,००० बिंदूंचे होते आणि ते कॅसेटच्या फितीवर उतरावयास २३ सेकंद लागत. आज २ कोटी ४० लाख बिंदूंचा कॅमेरा सर्रास मिळतो. परंतु तत्त्व तेच आहे. प्रत्येक बिंदू म्हणजे उजेड मोजण्याची एक पायली. पायली काठोकाठ भरली की वर ओतलेले सांडून जाते. असा सांडलेला उजेड मागाहून कोणत्याही युक्तीने परत मिळत नाही. कापसाच्या जागी कोरा कागद दिसतो. अंधाऱ्या भागातून मात्र थोडेफार वर काढता येते, विशेषतः चित्र 'रॉ' स्वरूपात ठेवले असेल तर. नेहमीच्या जेपेग फाइलीत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. १४ बिटांच्या रॉ फाइलीत त्या १६,३८४ असतात. म्हणून चेहऱ्याला उजेड द्यावा, पण कापूस सांडू देऊ नये. पडद्यावर हिस्टोग्राम नावाचा आलेख दिसतो. त्याचा ढीग उजव्या भिंतीला जाऊन भिडला की सांडलवंड सुरू झाली असे समजावे. आणि दोन्ही साधत नसेल, तर त्या बाईला सावलीत बसावयास सांगावे. याहून स्वस्त उपाय नाही.

उजेडावर ताबा ठेवणाऱ्या किल्ल्या तीन. पहिली अपर्चर, म्हणजे भिंगातील भोक. येथे आकडा वाढला की भोक लहान होते, कारण तो भागाकार आहे. ५० मिलिमीटरच्या भिंगाला २ आकड्यावर २५ मिलिमीटरचे भोक, ४ वर साडेबाराचे, उजेड चौथाई. भोक लहान केले की पुढचे-मागचे अधिक स्पष्ट येते. दुसरी शटर, म्हणजे दार किती वेळ उघडे ठेवावयाचे ते. चालत्या हाताला सेकंदाचा ५०० वा भाग बरा. ३० व्या भागात हात फरकटलेला दिसतो. तिसरी आय.एस.ओ. ही सभेतल्या ध्वनिक्षेपकासारखी आहे. आवाज वाढविला की वक्त्याबरोबर खरखरही मोठी होते. आमच्या पानमळ्यांत वेलांच्या गर्द सावलीत भर दुपारीही ही किल्ली वाढवावी लागते. तेथे थोडी खरखर पत्करावी. हललेला चेहरा पत्करू नये.

हे पाठ कसे करावे? दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला, तेव्हा आरंभी कुंडीतला वाटाण्याचा कोंब कसा वाढतो त्याची चित्रे एकेक करून घेतली. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये पडद्यावर आला, तो त्यानंतर. मीही तोच धडा घेतला. रोज एकाच ओसरीवर, एकाच घागरीचे चित्र काढावयाचे आणि एका वेळी एकच किल्ली फिरवावयाची. महिनाभरात बोटांना कळू लागले.

एक चूक मात्र मला महाग पडली. एका कारखान्यात पट्ट्यावर जाळी नसल्याने एका मजुराचा हात गेला. दुसऱ्याच दिवशी मी उघड्या पट्ट्याची चित्रे घेतली. पुढे जाळी बसली आणि ती पहिल्यापासूनच होती असे सांगण्यात आले. मी चित्रे पुढे केली, तर त्यांवर अपघाताच्या कितीतरी आधीची तारीख! बॅटरी फार दिवस काढून ठेवल्याने कॅमेऱ्याचे घड्याळ मागे गेले होते, आणि मी ते पाहिलेच नव्हते. मजुराच्या बाजूचा पुरावा माझ्या हलगर्जीपणाने पंगू झाला. तेव्हापासून प्रथम घड्याळ पाहतो, मग भिंगावरचे झाकण काढतो. मूळ फाइल जशीच्या तशी ठेवतो. उजळावयाची ती नक्कल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमान्वये अशा पुराव्यास प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि त्यात फाइलीचा 'हॅश' लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाइलीचा आकड्या-अक्षरांतील अंगठा. फाइलीत तिळभर बदल झाला तरी तो बदलतो.

त्या जिनिंगमध्ये मी पुन्हा गेलो. बाईला सावलीकडे वळवून, दीड पायरी अधिक करून चित्र घेतले आणि कागदावर छापून तिला नेऊन दिले. तिने ते बराच वेळ न्याहाळले. "आता दिसून राह्यली," एवढेच बोलली आणि पदराखाली जपून धरून कामाला लागली.