देऊळ, चर्च आणि ताडदेवचा स्टुडिओ

१९७७ हे साल गोमंतकीय संगीताच्या हिशेबात जरा चमत्कारिकच म्हणायला हवं. त्या वर्षी मे महिन्यात ‘अमर अकबर अँथनी’ झळकला. भल्या थोरल्या अंड्यातून बाहेर पडून गाणं म्हणणाऱ्या अमिताभ बच्चनने अँथनी गोन्साल्विस हे नाव देशभर पानाच्या ठेल्यापासून लग्नाच्या बँडपर्यंत पोहोचवलं. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला ‘व्हॉयेजर १’ हे यान आकाशात झेपावलं. त्यावरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी होती. अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबरला, केसरबाई गेल्या.

अँथनी गोन्साल्विस नावाचा खराखुरा माणूस आहे, तो माजोर्ड्याचा आहे आणि उत्तम व्हायोलिन वाजवतो, हे ते गाणं गुणगुणणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक होतं? आणि केरी गावच्या केसरबाईंचा आवाज ग्रहमालेबाहेर निघाला आहे, याची खबर तरी तेव्हा किती घरांत पोहोचली होती?

त्या तबकडीवर एकूण सत्तावीस संगीतखंड आहेत. भारताचा त्यात एकच, केसरबाईंचा. रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकाने तो सुचवला. पण केसरबाईंच्या त्या ध्वनिमुद्रिकेची प्रत काही लवकर मिळेना. अखेर निवड करणाऱ्यांपैकी अॅन ड्रुयान यांना ती न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय दुकानात सापडली. केसरबाईंच्या शेजारी तिथे बाख आहे, बेथोव्हन आहे आणि ट्रम्पेट घेऊन लुई आर्मस्ट्राँगही आहे. निवड करणाऱ्यांना ही जगभरच्या वैविध्याची मोट वाटली असेल. गोव्याच्या माणसाला मात्र त्यात नवल वाटू नये. केरीची ख्यालगायकी, चर्चमधला बाख आणि हळदोण्याचा ट्रम्पेटवाला ही तिन्ही संगीतं तो कदंबच्या बसने एका दिवसात फिरून येऊ शकतो.

हे कसं झालं, याचं उत्तर इतिहासाच्या नकाशात आहे. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी हे पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकातच घेतलेले भाग. तिथली देवळं पाडली गेली तेव्हा भाविकांनी देव उचलून नदीपलीकडे नेले. कुठ्ठाळीचा मंगेश मंगेशीला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. फोंडा तालुक्यात आज जी देवळांची दाटी दिसते ती या स्थलांतराची. हा मुलूख पोर्तुगिजांच्या हाती अठराव्या शतकात आला. तोवर बाटवाबाटवीचा जोर ओसरला होता. त्यामुळे देवळं राहिली, त्यांचे उत्सव राहिले आणि उत्सवांत गाणाऱ्या-नाचणाऱ्या कलावंत घराण्यांची सेवाही राहिली. अलीकडच्या तालुक्यांत मात्र चर्चला जोडलेल्या शाळा उभ्या राहिल्या. तिथे पोरांना अक्षरओळखीबरोबर स्वरलिपी वाचायला शिकवत, गायनवृंदात उभं करत, हाती व्हायोलिन देत. नदीच्या एका काठाला संगीत कानाने शिकलं गेलं आणि दुसऱ्या काठाला डोळ्यांनी. गोव्याने पुढे जे काही संगीताला दिलं, त्याचं मूळ मला या फाळणीत दिसतं.

कानाची बाजू आधी घेऊ. केसरबाईंचा जन्म १८९२चा, फोंड्याजवळच्या केरीचा. लहानपणी कोल्हापुरात काही महिने अब्दुल करीम खाँ, मग रामकृष्णबुवा वझे, मुंबईत बरकतुल्ला खाँ आणि भास्करबुवा बखले असे गुरू झाले आणि १९२१ पासून त्या अल्लादिया खाँसाहेबांपुढे बसल्या. म्हणजे जवळजवळ तिशीत पुन्हा पहिल्यापासून! खाँसाहेब राजस्थानातले, कोल्हापूर दरबारात स्थिरावलेले. त्यांची गायकी अवघड राग, वक्र चाली आणि लांब दमसास यांची. मैफल जिंकण्यासाठी सोपी वाट काढून देणारी मुळीच नव्हे. ती गायकी केसरबाईंनी अशी पेलली की त्या गायला बसल्या की तिचा अवघडपणाच ऐकणाऱ्याच्या लक्षात येत नसे. रवींद्रनाथ ठाकूर त्यांच्या गाण्याचे चाहते होते. कोलकात्याने त्यांना ‘सूरश्री’ म्हटलं, १९५३मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आला, १९६९मध्ये पद्मभूषण. गाण्यात आणि व्यवहारात बाईंचा कारभार करारी. रेकॉर्डिंगच्या बाबतीत तर फारच. आवाज उतरणीला लागल्यावर लोकांनी कीव करावी, त्यापेक्षा आपणच थांबावं, या जातीचा त्यांचा निर्णय होता आणि १९६०च्या दशकात त्यांनी जाहीर गाणं बंद केलं. हा निर्णय फार थोड्या गवयांना जमतो. शिष्याही त्यांनी जवळजवळ केल्याच नाहीत. धोंडुताई कुलकर्णी तेवढ्या एक.

मोगूबाई कुर्डीकरांची गोष्ट याच तालमीची, पण वेगळ्या नशिबाची. जन्म १९०४, सांगे तालुक्यातल्या कुर्डीचा. आईचं छत्र लवकर गेलं, नाटक मंडळ्यांतून पोटाची सोय झाली. पुढे त्या सांगलीत राहत असताना अल्लादिया खाँ उपचारांसाठी तिथे आले होते. मुलीचा रियाझ त्यांच्या कानावर पडला आणि ते आपण होऊन शिकवायला लागले. खाँसाहेब मुंबईला गेले, मोगूबाई मागोमाग गेल्या. तिथे मात्र तालीम मध्येच तुटली. केसरबाईंच्या अटी आड आल्या, असं संगीतक्षेत्रात सांगतात. मग खाँसाहेबांचे बंधू हैदर खाँ, आग्रा घराण्याचे विलायत हुसेन खाँ अशी वळणं घेत त्या पुन्हा मूळ गुरूकडे पोहोचल्या. केसरबाईंना सोनं मिळालं. मोगूबाईंना ते खणून काढावं लागलं. त्यांची लयीवरची हुकूमत ही त्या खणण्याचीच कमाई असावी, असं मला त्यांची ध्वनिमुद्रणं ऐकताना वाटतं. आणि ज्यांनी गुरूचे दरवाजे बंद झालेले पाहिले, त्या बाईंनी पुढे मनापासून शिकवलं. किशोरी आमोणकर त्यांची लेक. ‘गीत गाया पत्थरों ने’साठी लेक सिनेमात गायली तेव्हा, पुन्हा तिकडे गेलीस तर माझ्या तंबोऱ्यांना हात लावायचा नाही, असं आईने बजावलं. ही हकीकत किशोरीताईंनीच सांगितलेली. कुर्डी गाव पुढे साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की अवशेष उघडे पडतात आणि विखुरलेले गावकरी सोमेश्वराच्या देवळाशी जमतात.

बाकीची नावं भराभर घ्यावी लागतील. पेडण्याकडच्या माळप्याच्या अंजनीबाई मालपेकर, भेंडीबाजार घराण्याच्या. संगीत नाटक अकादमीची फेलोशिप १९५८मध्ये मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री. मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर. बलवंत संगीत मंडळी १९१८ची आणि आयुष्य जेमतेम एकेचाळीस वर्षांचं. लयभास्कर खाप्रूमाम पर्वतकर. हातापायांनी वेगवेगळे ताल एकाच वेळी धरणारे. मंगेशीचेच जितेंद्र अभिषेकी, ज्यांच्या ‘मत्स्यगंधा’ आणि ‘कट्यार काळजात घुसली’मुळे नाट्यसंगीताने कात टाकली. यांच्यावर मराठीत भरपूर लिहिलं गेलं आहे आणि दिवाळी अंकांतून आणखी लिहिलं जाईल.

ज्यांच्यावर मराठीत फारसं लिहिलं गेलं नाही, ती माणसं नदीच्या दुसऱ्या काठची.

अँथनी गोन्साल्विस १९२७ साली माजोर्ड्यात जन्मले. वडील चर्चमधल्या गायनवृंदाचे शिक्षक. १९४३मध्ये, ऐन सोळाव्या वर्षी, ते मुंबईत नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवत होते. तेव्हा गोव्यातली तरणी पोरं गलबतातून, आगगाडीतून मुंबईला यायची आणि धोबीतलावच्या आसपासच्या कुडांत, म्हणजे आपापल्या गावच्या सामायिक खोल्यांत, पथारी टाकायची. कुणी बोटीवर खलाशी, कुणी आचारी, कुणी हॉटेलातल्या बँडमध्ये. बोलपट गाऊ लागल्यावर त्यांना आणखी एक रोजगार मिळाला. संगीतकार पेटीवर चाल बसवत. पण तीसचाळीस वादकांना ती एकसाथ, चूक न करता वाजवायची तर कुणीतरी कागदावर उतरवायला हवी, व्हायोलिनला काय, चेलोला काय, ट्रम्पेटला काय ते वाटून द्यायला हवं. हे काम येत होतं चर्चच्या शाळेत शिकलेल्यांना. धंद्यातला त्यांचा हुद्दा अॅरेंजर; पडद्यावर नाव आलंच तर ‘सहायक’ म्हणून.

सेबॅस्टियन डिसोझा त्यांतले सर्वांत मोठे. मूळ रेईश मागुशचे, फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात बँड चालवत. फाळणीने त्यांना मुंबईत आणून सोडलं. १९५२ ते १९७५ या काळात ओ. पी. नय्यर आणि शंकर-जयकिशन या दोघांसाठी त्यांनी लिहिलं. दोघांच्या प्रकृती किती भिन्न! एकाचं संगीत टांग्याच्या ठेक्यावर डुलणारं, दुसऱ्याचं व्हायोलिनांच्या लाटा उठवणारं. तरी दोन्हींच्या मागे एकाच माणसाची लेखणी. गायिकेच्या ओळीखालून चेलोची जी निराळी सुरावट हलकेच सरकत जाते, ती ऐकून आपण शंकर-जयकिशनना दाद देतो. देऊ नये असं नाही. पण त्या दादेत सेबॅस्टियनचा वाटा आहे, आणि तो लहान नाही.

शंकर-जयकिशनच्या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत सहायक म्हणून दोन नावं शेजारी शेजारी येतात: दत्ताराम आणि सेबॅस्टियन. दत्ताराम वाडकर हेही मूळचे गोव्याचे. त्यांना तबला शिकवला पंढरीनाथ नागेशकरांनी, नागेशीच्या देवळाच्या मुलखातल्या माणसाने. ढोलकीवरचा त्यांचा ठेका आजही ‘दत्ताराम ठेका’ म्हणूनच ओळखला जातो. एक सहायक ताल कानाने बांधतो, दुसरा सूर कागदावर लिहितो. चारशे वर्षांपूर्वी ज्या दोन काठांची ताटातूट झाली, त्यांची गाठ पडली ती ताडदेवच्या स्टुडिओत, बिदागीच्या हिशेबाने. धर्मगुरूंना आणि भटजींना जे सुचलं नसतं ते हिंदी सिनेमाने सहज करून टाकलं, आणि करताना त्याला त्याची जाणीवही नव्हती.

जाणीव असलेला माणूस एक होता, अँथनी गोन्साल्विस. १९५८मध्ये त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात भारतीय रागांवर रचलेलं वाद्यवृंदसंगीत सादर केलं. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. मंगेशीच्या दीनानाथांची मुलगी आणि माजोर्ड्याच्या चर्चमधला व्हायोलिनवाला एका मंचावर, तेही सिनेमाच्या कामासाठी नव्हे. सारंग रागावर त्यांनी वाद्यवृंदासाठी कंचेर्तो लिहिला होता. हा प्रयोग रुजायला हवा होता. रुजला नाही. अशा वाद्यवृंदाला पैसा लागतो, सरावाला वेळ लागतो, आणि स्टुडिओत रोज गाणी करणाऱ्या वादकांकडे दोन्ही नसतं. १९६५मध्ये ते सिराक्यूज विद्यापीठाच्या प्रवास-अनुदानावर अमेरिकेला गेले, पुढे परतले ते थेट गोव्यात, आणि २०१२ साली गेले. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी ‘अमर अकबर अँथनी’च्या गाण्यात गुरूचं नाव गुंफवलं नसतं, तर तेवढंही राहिलं नसतं. चित्रपट समीक्षक अशोक राणे यांनी त्यांच्यावर माहितीपट केला आहे. मिळाला तर जरूर पाहावा.

चिक चॉकलेटला एवढी उपेक्षा सोसावी लागली नाही, पण विसर तोच. आंतोनियो शाविएर वाझ हे खरं नाव, गाव हळदोणे. मुंबईच्या ताजमध्ये बँड घेऊन बसायचा आणि लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. पुणतांब्याच्या चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, त्याला सिनेमात ओढलं. ‘अलबेला’त (१९५१) जी धमाल ऐकू येते तीत या ट्रम्पेटवाल्याच्या साथीदारांचा हात आहे, आणि तो स्वतः पडद्यावर दिसतोही. मराठी माणसाच्या लावणीच्या कानाने आणि बार्देशकराच्या जॅझच्या ओठांनी मिळून ते संगीत झालं. फ्रँक फर्नांड या वादक-अॅरेंजरने तर सिनेमातल्या कमाईतून कोकणी चित्रपट काढले. ‘आमचें नशीब’ (१९६३) आणि ‘निर्मोण’ (१९६६).

कोकणीचा प्रवाह खरं तर स्वतंत्र लेखाचा विषय. तियात्राचा, म्हणजे कोकणी नाट्यप्रकाराचा, पहिला खेळ झाला तो १७ एप्रिल १८९२ला, गोव्यात नव्हे, मुंबईत. केसरबाईंच्या जन्माचंही साल तेच. तियात्रातून आल्फ्रेड रोझसारखे लोकांच्या जिभेवर बसलेले गायक निघाले. हॉटेलांच्या बँडमधून क्रिस पेरी आणि लोर्ना ही जोडी निघाली. लोर्नाच्या आवाजातला खरखरीत दिमाख ऐकायचा तर भाषा कळण्याचीही गरज नाही. वर्षानुवर्षं गप्प राहिलेली लोर्ना १९९५मध्ये पुन्हा गायली तेव्हा मिरामारला लोटलेली गर्दी गोवेकर अजून सांगतात.

आणि मेनकाबाई शिरोडकर. गोव्याच्या कलावंत परंपरेतल्या, अल्लादिया खाँच्या तालमीतल्या. त्यांची कन्या शोभा गुर्टू ठुमरीची सम्राज्ञी झाली. शोभाताईंचा मुलगा त्रिलोक गुर्टू जॉन मॅकलॉफ्लिनबरोबर जगभर जॅझ वाजवत हिंडला. तीन पिढ्यांत ख्याल, ठुमरी आणि जॅझ. याला कुणी ‘फ्यूजन’ म्हणेल. मी घराणं म्हणेन.

आपले गौरवसमारंभ मात्र फडताळाच्या कप्प्यांसारखे भरतात. शास्त्रीयवाल्यांचा एक, सिनेमावाल्यांचा दुसरा, कोकणीवाल्यांचा तिसरा, आणि वादकांचा बहुधा नाहीच. गोव्यात केसरबाईंच्या नावाने दरवर्षी संगीत समारोह होतो, ही चांगलीच गोष्ट आहे. पण कप्पे पाडले की माणसं अर्धीच दिसतात. सेबॅस्टियनशिवाय दत्ताराम अर्धा, आणि लताबाईंच्या गाण्यामागचे कागद लिहिणारे हात पुसून टाकले तर ते गाणंही थोडं अर्धंच. ऐंशीच्या दशकात सिंथेसायझर आला, मोठे वाद्यवृंद मोडले आणि हे कागद लिहिणारे घरी बसले. आज गाणी फोनवर ऐकताना गायक, गीतकार, संगीतकार यांची नावं बोटाच्या टोकावर येतात. अॅरेंजरचं नाव शोधून पाहा, बहुतेक ठिकाणी त्यासाठी जागाच ठेवलेली नसते.

२०२७ हे अँथनी गोन्साल्विस यांच्या जन्मशताब्दीचं वर्ष आहे. पुतळा नको, टपाल तिकीट निघालं तर निघो. मुंबईत वाद्यवृंद आहेत, गोव्यात कला अकादमी आहे, दोन्हीकडे सभागृहं आहेत. त्यांपैकी कुणी तरी १९५८च्या त्या कार्यक्रमातल्या रचना शोधून पुन्हा वाजवाव्यात. आणि ज्यांच्या घरी आजोबांच्या व्हायोलिनच्या पेटीत हाताने लिहिलेले स्वरलिपीचे पिवळे कागद पडून असतील, त्यांनी यंदाच्या दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीत घालू नयेत.