सही आईची, शरीर लेकीचं

दिल्लीत १९९५ साली ४४ वर्षांच्या एका अविवाहित महिला रुग्णाने दुर्बिणीतून पोटाच्या तपासणीसाठी भूल घेतली. ती बेशुद्ध असतानाच बाहेर थांबलेल्या आईची सही घेऊन गर्भाशय आणि बीजांडकोश काढले गेले. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ही संमती अवैध ठरवली : सज्ञान, निर्णयक्षम रुग्णाच्या वतीने आईसुद्धा होकार देऊ शकत नाही. दुसऱ्यांदा भूल देणं टळलं, हा डॉक्टरांचा बचाव वरवर पटतो. पण जीव धोक्यात नसेल तर रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबता येतं, काढलेलं गर्भाशय परत बसवता येत नाही. घरच्यांना विचारलं की झालं, हा समज (डॉक्टरांइतकाच नातेवाइकांचाही) इथे मोडीत निघाला. भरपाई मात्र अवघी २५,००० रुपये. शिवाय डॉक्टरांना शस्त्रक्रियेची फी नाकारली गेली.